संयुक्त सरकारचा कार्यक्रम : आशा धरावी, पण हिशेब ठेवून

(बडोद्याच्या मांजलपूर भागातील मराठी मंडळींपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. सीमाभागातील वाचकांना त्यात आपलाही प्रश्न दिसेल, म्हणून तो येथे देत आहोत.)



आपण आम्हांस एवढ्या दूरवरून बोलावून घेतले आणि बोलावयास विषय दिला तो राजकारणाचा. दिल्लीत जून २०२४ मध्ये जे संमिश्र मंत्रिमंडळ अधिकारावर आले, त्याच्या धोरणांकडून आपल्यासारख्यांनी काय अपेक्षा करावी, असा आपला प्रश्न आहे. ‘आपल्यासारख्यांनी’ या शब्दावर आम्ही थोडे थांबलो. बेळगाव-निपाणीकडचे आम्ही आणि मांजलपूरचे आपण यांत साम्य कोणते? आपल्यावर कोणी भाषेची सक्ती केली म्हणून आपण येथे नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या राज्याबरोबर आले, काही मागाहून नोकरीधंद्यासाठी आले, आणि गुजराती शेजाऱ्यांत दुधात साखर मिसळावी तसे मिसळून गेले. आमचे तसे नाही. आम्ही जागच्या जागी राहिलो आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमारेषाच आमच्या अंगावरून पलीकडे सरकली. तरीही एक साम्य आहेच. आपण दोघेही जेथे राहतो तेथील राज्यकारभाराची भाषा ती आपल्या घरातली भाषा नव्हे. सरकार कोणतेही असो, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव आपोआप पडत नाही; ते पाडून घ्यावे लागते.

आम्ही ज्या घरी उतरलो आहो, त्या घरच्या यजमानांनी काल आम्हांस दिवाणखान्याची एक भिंत दाखविली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ते कोठवर चढले, याची पुसट रेघ रंगाच्या दोन हातांखालूनही तेथे अजून दिसते. यजमान म्हणाले, “सरकारचे पुष्कळ आराखडे आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो, पण आमचा आराखडा हा.” आम्हांस ते बोलणे फार मोलाचे वाटले. जाहीरनाम्याची परीक्षा सभागृहातील टाळ्यांनी होत नाही, ती पहिल्या मोठ्या पावसात होते. आजच्या विषयाला हात घालताना ही भिंतीवरची रेघ आपण डोळ्यांसमोर ठेवू.

प्रथम, घडले काय ते पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षास २४० जागा मिळाल्या. बहुमतास २७२ लागतात. दहा वर्षांनंतर प्रथमच दिल्लीचे सरकार मित्रपक्षांच्या आधारावर उभे राहिले. त्यांत आंध्रच्या तेलुगू देसमचे १६ आणि बिहारच्या संयुक्त जनता दलाचे १२ सभासद हे मुख्य टेकू. ९ जूनला शपथविधी झाला. परंतु एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीने आणि २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने जसा ‘किमान समान कार्यक्रम’ कागदावर मांडून देशापुढे ठेवला, तसा करारनामा या वेळी देशापुढे आला नाही. त्यामुळे या सरकारचे धोरण वाचावयाचे तर ते अंदाजपत्रकातून आणि मंत्रिमंडळाच्या निर्णयांतून वाचावे लागते.

२३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकातून ते पुरेसे स्पष्ट वाचता आले. आंध्रच्या नव्या राजधानीसाठी, म्हणजे अमरावतीसाठी, १५ हजार कोटी रुपये उभारून देण्याचे आश्वासन. बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी. बिहारच्याच पूरनियंत्रणासाठी कोसी-मेची जोडकालव्यासह ११ हजार ५०० कोटींच्या योजना. आता हे पाहा : अंदाजपत्रकानंतर महिना-सव्वा महिन्याच्या आत आपल्या या मांजलपुरात घराघरांत पाणी शिरले. बिहारच्या पुराचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. कोसी दरवर्षी किती संसार धुऊन नेते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या लोकांना मदत मिळाली यात आम्हांस आनंदच आहे. पण संमिश्र मंत्रिमंडळाचे पहिले सूत्र यातून शिकावयास मिळते. तराजूचा काटा ज्याच्या हाती, त्याच्या नदीला आधी बांध पडतो.

मग यात आशा धरण्यासारखे काय आहे? आहे, आणि ते थोडेथोडके नाही. ज्या सरकारला मित्रांचे ऐकावे लागते, त्याला पुष्कळदा लोकांचेही ऐकावे लागते. १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने वरिष्ठ जागांवर ४५ माणसे बाहेरून थेट घेण्याची जाहिरात दिली. तीत आरक्षणाची सोय नव्हती. विरोधकांनी आवाज उठविला. पण सरकारात बसलेल्या चिराग पासवान यांच्यासारख्या मित्रांनीही नापसंती बोलून दाखविली, आणि तीनच दिवसांत, २० ऑगस्टला, ती जाहिरात मागे घेण्याचे ठरले. जाहिरात योग्य होती की अयोग्य हा वाद बाजूस ठेवा. घरातल्या माणसाने हात धरला तर घरचा कर्ता थांबतो, एवढे त्यातून दिसले. तसेच जातवार गणनेचे झाले. विरोधकांबरोबर बिहारमधील मित्रपक्षही जी मागणी करीत होते, ती ३० एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मान्य केली. बहुमताच्या बळावर चालणाऱ्या सरकारला जे ऐकू येण्यास वर्षे लागतात, ते संमिश्र सरकारच्या कानी थोडे लवकर पडते.

आणि आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट तर याहून मोठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो त्याच दिवशी मिळाला. या दर्जाचा जन्म कोठे झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तो एका संमिश्र सरकारच्या करारनाम्यात झाला. २००४ च्या किमान समान कार्यक्रमात तमिळ ही अभिजात भाषा म्हणून जाहीर केली जाईल, असे एक वाक्य होते. तमिळनाडूतील मित्रपक्षांच्या आग्रहावाचून ते तेथे आले नसते. मे महिन्यात वाक्य लिहिले गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याचा निर्णय झाला. पुढे २००५ मध्ये संस्कृत, २००८ मध्ये कन्नड व तेलुगू, २०१३ मध्ये मल्याळम, २०१४ मध्ये ओडिया अशी रांग लागली. मराठीसाठी रंगनाथ पठारे यांच्या समितीने अहवाल २०१३ मध्येच तयार केला होता. तो अकरा वर्षे वाट पाहत बसला. आणि दर्जा मिळाला तो महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक दीड महिन्यावर आली असताना. यात राजकारण नव्हते असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण राजकारणातून मिळाले म्हणून चांगले ते वाईट ठरत नाही. तमिळांनी जे एका वाक्याने पाच महिन्यांत मिळविले, ते आपल्याला वीस वर्षांनी मिळाले. या दोन कालावधींत जो फरक आहे, तोच आपल्या संघटनेतला फरक आहे.

आता सावधगिरीचा भाग. दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो, आणि आपली तोंडे थोडीथोडकी भाजलेली नाहीत. येथील वडीलधाऱ्यांना १९७५ चे वर्ष आठवत असेल. नवनिर्माण आंदोलनाने १९७४ मध्ये चिमणभाई पटेल यांचे मंत्रिमंडळ घालविले. पुढच्या वर्षी मोरारजीभाईंनी उपोषण करून निवडणूक पदरात पाडून घेतली. काँग्रेसला ७५ जागा मिळाल्या आणि १८ जून १९७५ रोजी बाबूभाई जशभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली जनता मोर्चाचे संयुक्त मंत्रिमंडळ आले. त्याने पाठिंबा कोणाचा घेतला? ज्या चिमणभाईंना लोकांनी घालविले होते, त्यांच्याच किसान मजदूर लोकपक्षाचा. त्यानंतर एका आठवड्यात देशावर आणीबाणी आली. महिने थोडे मिळाले. मार्च १९७६ मध्ये ते मंत्रिमंडळ पडले आणि राष्ट्रपतींची राजवट आली. पण त्या नऊ महिन्यांत देशभर तोंडे बंद असताना गुजरातेत माणसाला थोडे मोकळेपणाने बोलता येत होते, ही त्या सरकारची कमाई इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. तिचा उल्लेख त्यांच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात शोधूनही सापडणार नाही. सरकारे कधीकधी कार्यक्रमात नसलेल्या कामानेच मोठी होतात.

याउलट १९९० पाहा. जनता दलाच्या ७० आणि भारतीय जनता पक्षाच्या ६७ जागा मिळून मार्चमध्ये गुजरातेत संयुक्त मंत्रिमंडळ झाले. मुख्यमंत्री झाले तेच चिमणभाई. ऑक्टोबरमध्ये अडवाणींना बिहारात अटक झाली आणि येथील युती मोडली. ज्या कारणाने मंत्रिमंडळ फुटले, त्याचा गुजरातच्या शेतीशी, पाण्याशी किंवा शाळांशी काडीचा संबंध नव्हता. संयुक्त सरकारचे आयुष्य पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या कामावर अवलंबून नसते, हा दुसरा धडा.

सीमाभागातील आमच्या लोकांना असाच अनुभव कर्नाटकात आला. २३ मे २०१८ रोजी कुमारस्वामी यांचे संमिश्र मंत्रिमंडळ बंगळूरास आले. जुलैत त्यांनी ३४ हजार कोटी रुपयांची पीककर्जमाफी जाहीर केली. दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ होणार होते. ऊस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने, मग तो मराठी बोलणारा असो की कानडी, कागदपत्रांची पिशवी काखेत मारून बँकेच्या पायऱ्या झिजविल्या. माफीचे हप्ते चालू असतानाच, २३ जुलै २०१९ रोजी, ते सरकार विश्वासदर्शक ठरावावर कोसळले. चौदा महिन्यांचा संसार! ज्याचे कागद आधी तयार होते त्याला आधी मिळाले. ज्याचा एखादा उतारा राहून गेला तो खेटे घालीत राहिला. म्हणून आम्ही नेहमी सांगतो की संमिश्र सरकारकडे मागणी न्यावयाची ती पहिल्या सहा महिन्यांत, आणि कागद पुरे करून.

महाराष्ट्रातही तेच. १९७८ च्या जुलैत पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि आठवड्यादीड आठवड्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव झाला, पण गावागावांतून दलितांची घरे जळाली, सरकार दोन वर्षेही टिकले नाही, आणि नामविस्तार प्रत्यक्ष झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये सोळा वर्षे गेली. २०१९ च्या महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम छापून दिला. दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली, दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. पण स्थानिकांना नोकऱ्यांत ऐंशी टक्के जागा देणारा कायदा मात्र झाला नाही. सीमाप्रश्नासाठी दोन समन्वयक मंत्री नेमले गेले. त्यांपैकी एक, एकनाथ शिंदे, २०२२ च्या जूनमध्ये ते सरकार पाडून स्वतः मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला, त्यांच्या कारकिर्दीत, विधिमंडळाने ८६५ गावांसंबंधीचा ठराव एकमताने संमत केला. सरकारे बदलली, ठरावांची संख्या वाढली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल मात्र या ठरावांनी जवळ आणला नाही.

मग कोणता कार्यक्रम खरा धरावा आणि कोणता खोटा? आम्हांस वाटते, याची कसोटी बडोद्यातच आहे. कवळाण्याच्या शेतकरी घरातून येथे दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचे मनात आणले, तेव्हा त्यांनी सारे राज्य एकदम हाती घेतले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत प्रयोग केला. शाळा किती लागतात, शिक्षक कोठून आणावयाचे, पैसा किती, पालक मुलांना पाठवितात की नाही, हे सारे तेरा वर्षे पाहिले, आणि १९०६ मध्ये तो कायदा संपूर्ण बडोदे राज्यास लागू केला. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तिचाही पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना महाराष्ट्रभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि २००४ च्या किमान समान कार्यक्रमात शंभर दिवसांच्या कामाच्या हमीचे जे कलम आले, त्याच्या मुळाशी हा तीन तपांचा अनुभव होता. म्हणूनच ते कलम बोलाचे राहिले नाही. २००५ मध्ये कायदा झाला, २००६ च्या फेब्रुवारीत दोनशे जिल्ह्यांत काम सुरू झाले आणि २००८ पर्यंत ते देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचले. माहितीच्या अधिकाराचेही असेच. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता; देशाचा २००५ मध्ये आला. ज्या कलमामागे कोठेतरी प्रत्यक्ष केलेले काम असते, ते कलम सरकार पडले तरी टिकते. अर्थात कायमचे असे काही नाही. त्या रोजगार हमीच्या जागीही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा आणला. पण वीस वर्षे ज्या मजुरांच्या चुली तिच्यावर पेटल्या, त्यांचा हिशेब कोणास पुसता येणार नाही.

त्याच २००४ च्या कागदावर आणखी दोन कलमे होती. स्त्रियांस विधिमंडळांत एकतृतीयांश जागा, हे एक. ते विधेयक १९९६ मध्ये देवेगौडांच्या संयुक्त आघाडीने प्रथम संसदेत आणले होते; कायदा झाला सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि त्यातही जनगणना व मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत थांबण्याची अट घातली गेली. दुसरे कलम धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांतील मागासांसाठी आयोग नेमण्याचे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांचा तो आयोग नेमला गेला, २००७ च्या मे महिन्यात त्याने अहवाल दिला, २००९ च्या डिसेंबरात तो संसदेपुढे आला, आणि त्याच्या मुख्य शिफारशी कायद्यात उतरल्याच नाहीत. ‘भाषिक अल्पसंख्य’ हे दोन शब्द त्या आयोगाच्या नावात होते. आपल्यापैकी किती मराठी संस्थांनी त्याच्यापुढे जाऊन साक्ष दिली? हा प्रश्न आम्ही इतरांस विचारण्यापूर्वी आपणांस विचारावा.

नव्या सरकारच्या बाबतीत हीच कसोटी लावा. पाचशे मोठ्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना उमेदवारीची संधी, महिना पाच हजार रुपये भत्ता, असे २०२४ च्या अंदाजपत्रकात जाहीर झाले. ‘एक कोटी’ हा आकडा ऐकून आम्ही हुरळलो नाही. मात्र पहिल्या वर्षी सव्वा लाखांचा प्रायोगिक टप्पा ठरविला, तेव्हा आम्हांस बरे वाटले. अमरेलीची आठवण झाली. प्रत्यक्षात रुजू झालेल्यांची संख्या त्याहूनही पुष्कळ कमी राहिली. पण प्रयोगाचा उपयोगच तो आहे : अपयश लहान असतानाच दिसावे. उणे कोठे आहे ते पाहून सरकार योजना सुधारील, तर आम्ही तिचे स्वागत करू. आकडा झाकून नवी घोषणा करील, तर तेही लिहू.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या सरकारच्या कार्यक्रमातील ज्या एका कामाकडे आम्ही मोठ्या आशेने आणि तितक्याच काळजीने पाहतो, ते काम म्हणजे जनगणना. २०११ नंतर देशाची शिरगणती झाली नाही. १ मार्च २०२७ ही नव्या गणनेची संदर्भ-तारीख म्हणून जून २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाली. जातीच्या रकान्याविषयी देशात पुष्कळ चर्चा झाली. मातृभाषेच्या रकान्याविषयी कोणी बोलत नाही. आणि आपले सारे भवितव्य त्या रकान्यात आहे! राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण सांगितले, त्याचा पाया टक्केवारी हाच आहे. जेथे एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा-वीस टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, असे तेथे म्हटले आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले, ३५०-ब ने त्यावर देखरेख ठेवण्यास अधिकारी नेमला. ही शस्त्रे गंजत पडली आहेत हे खरे. पण ती उचलावयाची तर हाती आकडा हवा. न्यायालयात भावनेची साक्ष चालत नाही, आकड्याची चालते.

मांजलपूरच्या भगिनींनो, आपल्या घरी नातवंडे आपसांत गुजराती बोलतात, हे आम्ही दोन दिवस ऐकतो आहोत. फार गोड बोलतात, आणि ज्या भूमीचे पाणी प्यायचे तिची भाषा बोलावी यात उणेपणा मुळीच नाही. पण आजी जेव्हा त्यांना जेवावयास हाक मारते, ती मराठीत मारते. गणकाने दारात येऊन मातृभाषा विचारली, तर ती हाक आठवून उत्तर द्या. येणाऱ्या-जाणाऱ्या इतर भाषा नोंदविण्यास वेगळी जागा असते. तेथे गुजरातीचे नाव अभिमानाने सांगा. सीमाभागातही आमच्या लोकांना आम्ही हेच सांगतो. कोणी घाईने दुसरे लिहून नेऊ नये म्हणून स्वतः उभे राहून लिहून घ्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचेही लिहून द्या. कोणाचे खोटे लिहू नका; आपले खरे राहून जाऊ देऊ नका.

हे काम कोणत्याही मंत्र्याने करावयाचे नाही, ते आपण करावयाचे आहे. आम्ही सीमाभागातील माणसे दुसऱ्यांच्या सरकारांना एकजुटीचा उपदेश करतो खरे. पण आमच्या घरात काय झाले? १९५६ मध्ये समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्षाचे व आंबेडकरांच्या पक्षाचे लोक एका मांडवाखाली बसले आणि त्यातून संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. इकडे इंदुलाल याज्ञिक यांची महागुजरात जनता परिषद उभी राहिली. दोन्ही आघाड्या मनाने परस्परविरोधी नव्हत्या. एका द्विभाषिकाच्या दोन दारांतून दोघांना बाहेर पडावयाचे होते, आणि १ मे १९६० रोजी दोन्ही दारे उघडली. ध्येय साधताच त्या आघाड्या विरल्या, आणि सीमाभाग दाराच्या आतच राहून गेला. त्यानंतर एकजूट टिकविण्याची जबाबदारी आमच्यावर आली. ती आम्ही कशी पार पाडली? २०१८ आणि २०२३ या कर्नाटकच्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. दिल्लीचे सोळा किंवा बारा सभासद तराजूचा काटा हलवितात, हे आपण मघाशी पाहिले. ज्यांनी आपल्यातील दोन गट एका पारड्यात बसविले नाहीत, त्यांनी तराजूला दोष देण्यात काय अर्थ?

सभ्य स्त्रीपुरुषहो, आपण विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता थोडक्यात सांगतो. संमिश्र सरकारकडून आशा धरावी काय? अवश्य धरावी. कारण त्याला ऐकावे लागते, आणि ऐकावे लागणारे सरकार हे न ऐकणाऱ्या सरकारपेक्षा कधीही बरे. पण ही आशा चातकाची नसावी, शेतकऱ्याची असावी. चातक मेघाकडे चोच वासून बसतो. शेतकरीही मेघाकडे पाहतो. परंतु पाहण्यापूर्वी त्याने बांध घातलेला असतो, बियाणे निवडलेले असते, आणि पाऊस उशिरा आला तर काय करावयाचे हेही त्याने मनाशी ठरविलेले असते. सरकारने दिलेले प्रत्येक वचन तारीख घालून वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वही उघडा. पुरे झाले तेथे मोकळ्या मनाने धन्यवाद द्या. त्यात कंजूषपणा करू नका, कारण जो चांगल्याला चांगले म्हणत नाही, त्याच्या टीकेला किंमत राहत नाही. जेथे पुरे झाले नाही, तेथे तीच वही घेऊन अर्जासह कचेरीत जा.

विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी हाती घेतले गेले, असे आपण सांगता. ते काम किती उपयोगी पडले, हे आमच्यासारख्या पाहुण्याने सांगावयाचे नाही. आमच्या यजमानांच्या भिंतीने सांगावयाचे आहे. त्यांनी ती रेघ पुसून टाकू नये, अशी आमची त्यांना विनंती आहे. शेजारी दरवर्षीची तारीख लिहावी. ज्या दिवशी मोठा पाऊस पडूनही त्या भिंतीवर नवी रेघ उमटणार नाही, त्या दिवशी आम्हांस पत्र पाठवा. आम्ही ते पहिल्या पानावर छापू.